जोडीतला दुसरा कार्बोरेटर

सुलाबाई : ...आन् आबा बॉनेटमधी डोकं घालून म्हणायचं, 'दोघांस्नी सारका घास, दोघांचा एकच श्वास, मंग खंबाटकीचा कसला तरास!' अजून कानात हाय. तुज्या ह्या दोन कार्बोरेटरांचा श्वास ऐकलास का कवा, दादा? का नुसतंच पुसून चकचकीत केलंस?

हंबीरराव : एकोणीस वर्सांनी म्हायेरला आलीस सुले, हातपाय धुवायच्या आदी बॉनेट उघडलंस.

सुलाबाई : पाणी कुणी दिलं? तू म्हणालास 'आलीस?', मी म्हणाले 'आले.' झालं की स्वागत!

हंबीरराव : फौजेत चोवीस वर्सं गाड्या दुरुस्त केल्यात मी. आबांच्या गाडीचं पुरं इंजिन उतरवलं, पिस्टन नवं, रिंगा नव्या. ऑल ओके. उद्या सृष्टी ह्याच गाडीतनं सासरी जाणार. नातीला शबूद दिलाय.

सुलाबाई : दिसतंय की ऑल ओके. अ‍ॅक्सिलेटरवर पाय दिला की काळा धूर. नवरीला काजळ येगळं घालाया नको.

हंबीरराव : उभ्या जागी कशी झ्याक चालती, ते बघ की!

सुलाबाई : उभ्या जागी सगळीच भावंडं गुणी असत्यात. ती रबरी नळी दे. एक टोक कानाला, एक ह्याच्या तोंडाशी... सूंऽऽ. आता दुसरा... ह्योबी सूंऽऽ. बराबर. आता दे पाय... ऐकलंस? एकाला साय, एकाला पाणी, इंजिन गातंय रडकी गाणी!

हंबीरराव : मंग दोन्हीबी काढतो. जीपचा एकच बसवतो. गाडीला काय कळतंय?

सुलाबाई : बसव. आबांच्या फोटूतबी एकच डोळा ठेव. माणसाला काय कळतंय?

हंबीरराव : धार लय हाय जिभंला.

सुलाबाई : ह्यो दुसरा आणलास कुठनं?

हंबीरराव : सांगलीच्या जुन्या बाजारातनं.

सुलाबाई : अगं बाई, सांगलीपतुर आलावतास! तिथनं माजं सासर, माधवनगर, म्हंजे परमुलूखच की. रिक्षा गावली नसंल.

हंबीरराव : ...वरनं सारका दिसला म्हणून घेतला.

सुलाबाई : वरनं! आतली पेट्रोल मापायची सुई बघितलीस? बारीक हाय. जितका पाय देशील तितकं ह्यो जास्तीचं पितोय. कारखान्यातनं जोडी म्हणून आलेली, जोडीनंच चालणार.

हंबीरराव : मंग अस्सल दुसरा आणू कुठनं? लगीन उद्यावर आलंय.

सुलाबाई : आत्ता इचारलंस! थांब.

(पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कार्बोरेटर काढून ती मडगार्डवर ठेवते.)

हंबीरराव : तेल लावून ठेवलायस.

सुलाबाई : दर दसऱ्याला पुजलाय. ऐक आता. आबा गेले, तू हक्कसोडपत्र पुढं केलंस. 'बहिणींची रीतच हाय' म्हणालास. मी रान सोडलं, घर सोडलं, गाडीबी सोडली. आन् त्याच दुपारी शेडात येऊन ह्यो खोलून नेला. चोरलाच! म्हटलं, गाडी अडंल, तू मागाया येशील, मंग तुज्यासंगं पोटभर भांडीन. तर तू बाजार हिंडत बसलास.

हंबीरराव : भांड की मंग आता.

सुलाबाई : उद्या पोर गेल्यावर. आदी पाना दे.

हंबीरराव : सुले...

सुलाबाई : पाना म्हटलं मी.

हंबीरराव : मला ठावं होतं. त्या दिवशी तुजी पिशवी एस्टीत मीच चढवली. शेंगा हायत म्हणालीस. शेंगा एवढ्या जड असत्यात व्हय?

सुलाबाई : ...मंग मागितला का न्हाईस?

हंबीरराव : बाकी सगळं लिहून घेतलं होतं तुज्याकडनं. तुज्याजवळ तेवढंच ऱ्हायलं होतं. ते कुठल्या तोंडानं मागू?