बेगिमायचा तिसरा डोस

— अगं बस गं डॉक्टरबाई, अर्धीच वाटी ओतलीय, म्हणजे 'बस' असाच अर्थ! तुम्हा शहरातल्या पोरींना हेही सांगावं लागतं? इथं नारिनमध्ये पाहुण्याला चहा काठोकाठ भरून दिला, की त्यानं उठायचं आणि जोडे घालायचे. — तर काय म्हणालीस? लसीचे दोन डोस घेऊनही माझ्या पोरीच्या, बेगिमायच्या रक्तात लढायची ताकद इतरांपेक्षा कमीच निघाली? वा! डाऊन सिंड्रोमवाल्यांचं असंच असतं म्हणे — रोग आला की शरीर आरडाओरडा फार करतं, पण धडा लक्षात ठेवत नाही. बापावर गेलीय, दुसरं काय! म्हणून आता तिसरा डोस. आठवण झाली म्हणायची तुम्हाला! जन्मली तेव्हा असाच एक पांढरा कोटवाला म्हणाला होता, आश्रमात ठेवा, दहा वर्षंही काढायची नाही. एकतीस पूर्ण झाली तिला. तोच गेला बिचारा.

— हे कणकेचे बोर्सोक घे की, तिनंच तळलेत. — हो, मागच्या हिवाळ्यात कोरोनानं अकरा दिवस ऑक्सिजनवर होती. अख्खी गल्ली म्हणते, अशा पोरांना होतंच. मीही तेच म्हणते. पण ती जाते कुठं गं? चुलीपासून खिडकीपर्यंत! लग्नाच्या मेजवानीला मी गेले होते — तीनशे माणसं, गळाभेटी — खोकतच घरी आले, आणि माझ्या वाटीतला उरलेला चहा हिनं प्यायला. रोजच पिते. — मी? घेतलीय की लस! कागद आहे, शिक्का आहे… अशी काय बघतेस? शिक्का मारणारी माझी भाची. सुई तेवढी राहिली. मला काय धाड भरणार होती!

— बेगिमाय, डॉक्टरबाईंना आणखी चहा — अगं अगं, काठोकाठ! नाही गं, उठू नकोस, ती 'जा' म्हणत नाहीये. माणूस आवडलं की भरूनच ओतते, हजारदा सांगितलं तरी. ह्यापायी पाहुणे आले की मी तिला आतल्या खोलीत बसवायची. लाज वाटायची मला. मला!

— उघड ती लसीची पेटी. आधी माझा दंड, मग तिचा. टोच. — झालं? शिक्का नको, तो आहे माझ्याकडे. आता ही वाटी घे. हो, काठोकाठच आहे, आणि ही मी ओतलीय, बेगिमायनं नाही. तुझ्यासमोर रडायचं नाहीये मला. जोडे दाराशी आहेत.