सलीमच्या डब्यातली कार्डं

कॉम्प्युटर चुकत न्हाई म्हणता ना? मग ऐका. बाळापूरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये असताना मी आन् सलीमनं क्रिकेटच्या कार्डांची एक्सेल शीट केली होती. पोरं अदलाबदलीसाठी आपली कार्डं सलीमकडं ठेवायची. शीटमध्ये एका रकान्यात कार्ड, बाजूच्या रकान्यात मालक.

सलीमला ट्रकनं उडवलं. पंधराव्या दिवशी त्याची अम्मी कार्डांचा डबा घेऊन माझ्याकडं आली.

"बेटा, ही लोकांची अमानत हाय. चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाआधी ज्याची त्याला दे. माझ्या लेकराच्या मानेवर ओझं नको."

"शीटमध्ये समदं हाय, अम्मी."

फ्लॉपी लावली आन् बघतो तर कार्डं आन् मालक जुळंनात. सलीम गेल्यावर त्याची आठवण म्हणून मीच शीट नीट लावायला बसलो होतो. कार्डांची नावं ए टू झेड क्रमानं लावली. एकच रकाना हलला, मालक जागीच राहिले, आन् मी तसंच सेव्ह केलं.

पोरांना इचारलं, तर चांगल्या कार्डावर चौघं हात ठेवायचे. बाकीची कोणाचीच न्हाईत.

चाळिसाव्याला अम्मीनं इचारलं, "दिलं का समदं?"

"व्हय अम्मी, बराबर दिलं."

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

डबा अजून माझ्याच कपाटात हाय.