दोन टोले

लेक : आई, कपडे वेगवेगळे ठेव म्हटलं होतं ना? तुझी साडी आणि बाबांचा पायजमा एकाच बॅगेत कोंबलायस. तुला मी नेणार, त्यांना दादा नेणार. तो दुपारी येईल.

आई : करते गं वेगळे. आल्यापासून तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू आहे.

लेक : आणि बाबा कुठायत?

आई : पाव आणायला गेलेत. समोर तर आहे दुकान.

लेक : एकटे? परवा शेजारच्या काकांनी डेपोतून हाताला धरून आणलं ना त्यांना?

आई : डेपोत गेले तर काय बिघडलं? जन्मभर तिथेच बस लावली त्यांनी.

लेक : रिटायर होऊन जमाना लोटला. खिडकीवर जाऊन ड्युटी मागत होते म्हणे.

आई : ड्युटीच मागितली ना? भीक नाही मागितली.

लेक : हे असं पांघरूण घालतेस तू प्रत्येक गोष्टीवर.

आई : आले बघ. आलेच. घाबरतेस काय उगाच? तो काय निळा शर्ट, फाटकातून आत येतोय.

लेक : आई, ती वरच्या मजल्यावरची सून आहे. आणि तिचा ड्रेस हिरवा आहे.

आई : तेच म्हणते. तिच्या मागे असतील.

लेक : मागे कुणी नाही. इकडे बघ. मी चष्मा लावलाय का आत्ता?

आई : काहीतरीच काय तुझं.

लेक : सांग ना.

आई : लावला असशील. नेहमी लावतेस.

लेक : नाही लावलेला. पुसायला काढलाय, हातात आहे. आई गं! कधीपासून हे?

आई : ओरडू नकोस, शेजारी ऐकतील. एकदम नाही झालं. मधोमध धुकं आहे, कडेकडेचं दिसतं.

लेक : आम्हाला वाटलं जरासा मोतीबिंदू. मग गोळ्या? इतक्या गोळ्या तुम्हा दोघांच्या, त्या कोण बघतं?

आई : हे वाचून दाखवतात. नजर घारीची आहे अजून. कुठली घेतली, कुठली राहिली ते मी लक्षात ठेवते. त्यांना दिसतं, मला आठवतं. दोघांत मिळून एक माणूस पुरतो घर चालवायला.

लेक : आणि गॅस?

आई : ते पेटवतात, मी घंटी देते.

लेक : कसली घंटी?

आई : अगं, यांच्या गाडीवर मी कंडक्टर म्हणून द्यायचे तीच. एक टोला, थांब. दोन टोले, चल. तुम्हाला नाही का जेवायला बोलवायचे ताटावर दोन टोले देऊन? यांच्या डोक्यातून शब्द निसटतात गं. 'भाजी हलवा' म्हटलं तर नुसते बघत राहतात. पातेल्यावर दोनदा उलथणं आपटलं की लागतात कामाला. एकदा आपटलं की हात जागच्या जागी.

लेक : आणि फोनवर आम्हाला 'सगळं झकास' सांगत होतात दोघं!

आई : खरं सांगितलं असतं तर काय केलं असतंत? आज करताय तेच. एकाला इकडे, एकाला तिकडे.

लेक : आई, थांब. दिसले बाबा. रस्त्यापलीकडे, दुकानाच्या पायरीवर उभे आहेत. पिशवी आहे हातात. हलत नाहीयेत. बाबा! अहो बाबा! वर बघा, इकडे!

आई : घसा कोरडा करू नकोस.

लेक : ऐकू येत नाही का त्यांना?

आई : ऐकू येतं. कळत नाही.

लेक : मी जाते खाली.

आई : तू जिना उतरेपर्यंत ते कुठल्या कुठे जातील. ओट्यावरचं उलथणं आण.

लेक : हे घे. पण आई, तुला गाड्या दिसत नाहीयेत! गॅलरीच्या कठड्यावर टोले देशील आणि ते निघतील तसेच.

आई : घंटी मिळाली म्हणून ड्रायव्हर डोळे मिटून निघतो होय? आधी आरसा बघतो, समोर बघतो. सरक बाजूला.

लेक : मान वर केली त्यांनी. उतरले पायरी. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. निघाले, आई! नीट चालतायत.

आई : सांगत होते ना तुला.

लेक : मधेच थांबले.

आई : का?

लेक : काय माहीत! पिशवीत डोकावतायत. भर रस्त्यात! आता निघाले, पण मान खालीच आहे. आई, टेम्पो येतोय वळणावरून!

आई : कुठल्या बाजूनं? जवळ आहे का? ठमे, बोल ना, मला दिसत नाही! एक देऊ की दोन?

लेक : एक! नाही, थांब, आण ते इकडे!

आई : एकच दिलास ना? बोल गं!

लेक : थांबले. थांबले बाबा. टेम्पो गेला पुढून. शर्ट फडफडला त्यांचा, इतक्या जवळून.

आई : आता रस्ता मोकळा आहे का?

लेक : हो.

आई : मग दोन दे. लवकर दे, बाई.

लेक : आले. फाटकात आले.

आई : ते उलथणं आण इकडे. कुणाच्या तरी डोक्यात पडेल.

लेक : रोज असंच चालतं?

आई : रोज मी असते बरोबर, त्यांचं कोपर धरून. आज तू येणार म्हणून मी आवरत बसले, आणि तुला पाव आवडतो म्हणून ते गेले.

लेक : भीती नाही वाटत तुला?

आई : वाटते की. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. मरणाचं काही नाही गं. मी आधी उतरले तर यांना घंटी कोण देणार?

बाबा : कंडक्टरबाई, आज घंटी कुणी दिली?

आई : का हो?

बाबा : हात नवा होता. जोर फार. गाडीतली म्हातारीकोतारी दचकतात अशानं.

लेक : मी दिली, बाबा.

बाबा : तरी म्हटलं. पण वेळेवर दिलीस हो.

लेक : पाव मिळाला?

बाबा : कसला पाव?

आई : राहू दे. बसा तिथे खुर्चीवर, दम खा.

लेक : दादाचा फोन. हां, बोल. नाही, बाबांना एकट्याला नाही पाठवायचं. आईलाही नाही. दोघं एकत्र राहतील. तुझ्याकडे नाहीतर माझ्याकडे. जागा नाही म्हणजे? आपण झोपू बाहेर सतरंजीवर. तू ये तर आधी, मग भांड.

आई : माझ्यापायी भांडू नका. तुझी शाळेतली नोकरी आहे, त्याची पोरं लहान आहेत. माझे डोळे सुधारतील, न सुधारतील. यांचं तर वाढतच जाणार.

लेक : माहीत आहे.

आई : मग कशाच्या जोरावर एवढं बोललीस त्याला?

लेक : कशाच्याच नाही. तू मला शिकव.

आई : शिकवायचं काय त्यात? एक आणि दोन.

लेक : जोर किती लावायचा ते.

बाबा : निघायचं ना? केव्हाचा बसलोय मी.

(आई उलथणं लेकीच्या हातात देते.)

बाबा : घंटी झाल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.