सनमायकाखालची वेल

आदरणीय अध्यक्ष मानसिंगराव, म्हणजे आपले आबा, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, वाचनालयाचे सभासद, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण वाशीच्या या सभागृहात जमलो आहोत त्या आपल्या ग्रंथपाल सलिमाताई,

ताईंच्या कामाबद्दल आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं. मी त्यांच्या टेबलाबद्दल बोलते. चालेल ना?

वाचनालय सुरू झालं तेव्हा पुस्तकं होती, टेबल नव्हतं. ताईंनी उरणहून आजोबांचं टेबल आणलं. मिठागरावरचा इंग्रज साहेब मायदेशी जाताना आजोबांना देऊन गेलेला. शिसवी लाकूड आणि त्यात हस्तिदंताचे तुकडे बसवून काढलेली जाईची वेल. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदरच्या खोलीत असंच एक टेबल होतं. त्याला हात लावायची सोय नव्हती. इथे मात्र ताई म्हणायच्या, "टेका की कोपर, खुशाल वाचा."

मग ताई मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेल्या आणि आबांनी मोठ्या हौसेनं टेबलावर सनमायका चढवला. आबा, हसू नका! आपल्या नवी मुंबईत जुनं लाकूड दिसलं की दुसरं सुचतं काय? ताई परतल्या तर आबा दारातच उभे.

"ताई, आता टेन्शन नाय! चहा सांडला तर फडकं मारा, झालं."

"छान दिसतंय, आबा," ताई म्हणाल्या.

पण पुस्तकं देताघेता त्यांचा हात टेबलाच्या कडेखाली जायचा. तिथे वेलीचं एक पान उघडं राहिलं होतं.

मागच्या आठवड्यात मी विचारलं, "द्रोणागिरीला लेकाकडे निघालात. टेबल नेणार ना?"

"कसं नेऊ? सनमायका काढला तर आबांच्या मनाला लागेल. आणि तसंच नेलं तर मला बघवणार नाही."

मी हे आबांच्या कानावर घातलं. रविवारी आबा घरून शकुवहिनींची इस्त्री घेऊन, वहिनींसकट वाचनालयात हजर! ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवायची, खालचा फेविकॉल सैल करायचा. मागून वहिनी, "अहो, हळू! चांगल्या साड्यांची इस्त्री हाय ती."

सनमायका निघाला. सोबत वेलीची काही फुलंही निघाली. ताई आल्या तेव्हा आबा ते तुकडे ओंजळीत धरून बसले होते.

"वाटोळं केलं मी, ताई."

ताईंनी वेलीवरून तळहात फिरवला. "माझ्या भावानं लहानपणी दोन फुलं उपटली होती, आबा. तो अजून ईदला माझ्याकडेच जेवतो."

मंडळी, टेबल ताईंबरोबर जातंय. टेम्पो खाली उभा आहे. आपण शांतपणे ऐकलंत, मी मनापासून आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, काही उणंअधिक बोलले असेन, तर आपली समजून पोटात घाला. खरं तर आता अध्यक्षांनी समारोप करायचा, पण त्यांनी बाह्या दुमडल्या आहेत. चौघंजण त्यांच्यासोबत या. आणि टेबल उचलून न्या हं, ओढू नका.