आत शिरल्यानंतरचं पान

दातांच्या दवाखान्यातली रांग पार दारापर्यंत आली होती. सुजलेला गाल धरून उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंच्या पुढे एक जोडपं होतं. बायकोची दाढ ठणकत होती, त्यामुळे नवऱ्याची काही धडगत नव्हती.

"या दवाखान्याची वेबसाइट तूच तपासतोस ना रे? मग घरबसल्या नंबर का नाही लागला?"

"अगं, रोज सकाळी कॉम्प्युटर आपोआप सगळं तपासतो. आजही सगळं ओके आलंय."

"डोंबलाचं ओके! पासवर्ड टाकला की पान नुसतं गरगर फिरत बसतं. तुझा कॉम्प्युटर टाकतो का पासवर्ड?"

"रोज कशाला? फुकट वेळ जातो. मी एकदा लॉगिन केलं आणि आतलं पान जसंच्या तसं साठवून ठेवलं. रोज तेच उघडायचं आणि तिथून पुढची तपासणी सुरू."

"म्हणजे दार उघडतंय की नाही, हे कुणी बघतच नाही?"

"तेव्हा उघडत होतं गं."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"लॉगिनचं पान बदललं ना, त्याच्या आधी."

"धन्य आहे तुझी!"

"उगाच डोकं नको खाऊस. खरंच बिघडलं असतं तर लोकांनी बोंब मारली असती. एकही तक्रार आलेली नाही."

आता मास्तरीणबाईंना राहवेना.

"अहो, कालपासून शोधतेय मी. तक्रार करायची कुठे?"

"सोप्पंय, काकू. लॉगिन केलं की उजव्या कोपऱ्यात बटण आहे."