फणसाखालची चिक

विद्याधर : हयवदनराव, तुमचं इथलं अख्खं शिवाजीनगर पालथं घातलं. तीन गवळी झाले. चीक कुणाकडेच नाही. एक म्हणाला, गाय व्यायली की कळवतो.

हयवदन : अरेरे! पत्ता देऊन आलात की नाही?

अंबुबाई : हया! काय सांगितलंस ह्यांना?

हयवदन : मी काय सांगणार, अक्का? काल म्हटलं, उद्या खाली या, चिक पाजतो. हे पुण्याचे. म्हणाले, खरवस करणार का, चीक मी आणतो! एवढ्या हौसेनं विचारल्यावर नको कसं म्हणायचं?

अंबुबाई : पन्नाशी आली तुझी. इंजिनियर माणसाला, स्वतःच्या भाडेकरूला उन्हात फिरवतोस. बसा हो विद्याधर. चिक ही कॉफीची जात. जुनी. चिकमगळूरकडची म्हणून चिक. माझ्या मळ्यात फणसाखाली चाळीस झाडं आहेत, आमच्या आजोबांनी लावलेली.

हयवदन : आहेत, उद्या सकाळपर्यंत. मग ही कुऱ्हाड चालवणार.

अंबुबाई : चालवणारच. मळ्यावरच्या मेस्त्रीनं माणसं सांगून ठेवलीत. तांबेरा पडतो, पानं गळतात, वर्षाकाठी झाडाला ओंजळभर फळ. नव्या जातीचं सुपानं येतं.

हयवदन : अगं, वर फणस, फणसावर मिरीचा वेल, खाली दहापर्यंत धुकं. फळ कसं दम खात पिकतं! घाई नाही त्याला. चव तिथून येते.

अंबुबाई : चव कुणाला कळते रे? माझ्या लेकीच्या, वसुमतीच्या लग्नात तू चिंचोके भाजून, दळून, कॉफी म्हणून सगळ्या व्याह्यांना पाजलेस. वा वा म्हणाले की नाही?

हयवदन : म्हणाले. थोरले व्याही तर म्हणाले, घराणं कॉफीवरून ओळखावं.

अंबुबाई : मग?

हयवदन : पण परत कुणी मागितली? मी खांबाआडून बघत होतो, अक्का. अख्ख्या मांडवात दुसरा पेला एकानंही घेतला नाही.

अंबुबाई : सरी, ठीक आहे. आता ह्यांनाच विचारू. हे चहा पिणारे, कॉफीला जीभ कोरी. विद्याधर, दोन्ही डिकाक्शन मी स्वतः पाडलंय. पुड्या माझ्या ट्रंकेत कुलपात होत्या. ह्याचा हात लागलेला नाही. हा पहिला पेला, हा दुसरा. आवडेल ती सांगा.

हयवदन : जुनी निवडली तर झाडं राहतील. शब्द दिलायस.

अंबुबाई : दिलाय. तू गप बस.

विद्याधर : पहिली... वा! ठणठणीत. एकदम फर्स्ट क्लास. दुसरी... जरा हलकी आहे. आधी आंबटसर, आणि मग, आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर लागतं ना, तसं गोड. विचित्रच.

अंबुबाई : आवडली कुठली?

विद्याधर : खरं सांगू? पहिली.

हयवदन : अहो, मघापासून डोळा मारतोय मी!

विद्याधर : तो डोळा होता? मला वाटलं, चुलीचा धूर गेला.

अंबुबाई : पहिली नवी जात. संपलं, हया. मी दुपारच्या बसनं निघते.

हयवदन : सरी. हरलो. फणसाला तेवढा धक्का लावू नका म्हणावं. मिरी चांगली चढलीय.

विद्याधर : अक्का...

अंबुबाई : काय हो?

विद्याधर : ती दुसरी... तुम्ही लोक काय म्हणता ते... स्वल्प आणखी मिळेल?

अंबुबाई : अहो, पहिली तर पेल्यात अर्धी तशीच आहे.

विद्याधर : हो, ती चांगलीच आहे. पण ही जिभेवरून जात नाहीये. काय आहे तेच कळत नाही. एकदा परत बघतो.

अंबुबाई : हया, हे तू पढवलंस?

हयवदन : आईशपथ नाही! एवढं सुचलं असतं तर आधीच नसतो जिंकलो?

(अंबुबाई फिल्टर कलता करून शेवटचे थेंब पेल्यात उतरवतात.)

अंबुबाई : एवढीच होती. आता पुढच्या तोडणीला.

विद्याधर : चालेल. थांबतो.

अंबुबाई : ... हया, चप्पल घाल. पोस्टात जाऊन मेस्त्रीला तार कर.

हयवदन : काय लिहू?

अंबुबाई : लिही, फणसाखाली हात लावू नका. आणि खाली माझं नाव घाल. तुझं दिसलं तर तो थट्टा समजेल.