एस्तेरच्या मशीनचा प्रोसेसर

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी, मूळ रेवदंड्याचे, आज्याला शनवार तेली म्हणायचे, शनवारी घाणा बंद म्हणून. मी ठाण्याला रेडिओ रिपेरिंग शिकलो, मंग इकडं इस्रायलमध्ये लोदला कारखान्यात वायरमन लागलो, इकडंच म्हातारा झालो. एस्तेर, आमचं कुटुंब, ती बोलायची बगा, उठल्यापासून बोलायची, मी वैतागायचो.

मंग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं न् आवाज गेला. काय सांगू तुम्हाला, घर खायला उठलं. कारखान्याने मोडीत काढलेला मोठा कॉम्प्युटर मी घरी आणला, त्यात बोलायचा प्रोग्राम टाकला. ती इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची न् मशीन बोलायची, साहेबाच्या मराठीत. तिचे नेहमीचे शब्द शिकून पुढचा शब्द ओळखायचीही, पण इतकी हळू की एस्तेरने कंटाळून टाइप करणंच सोडलं. मुलगी हिब्रूत म्हणाली, अब्बा, नवीन घ्या. पण नव्यावर तो प्रोग्राम चालेना. म्हणजे मशीन तीच, प्रोसेसर तेवढा जलद पाहिजे. एकाच्या पिना बसायच्या नाय, दुसऱ्याच्या बसल्या तर बोर्ड त्याला ओळखायचा नाय. शेवटी रामल्याच्या बाजारात, भंगाराच्या ढिगात एक मिळाला. शुक्रवारी दुपारी बसवला. एस्तेर दोन शब्द टाइप करते तो तिसरा मशीन बोलून मोकळी. हसली हो ती.

त्या गडबडीत मशीन बंद करायची राहिली न् शब्बाथच्या बत्त्या लागल्या. शब्बाथ, म्हणजे आमचा पवित्र शनवार, शुक्रवारी संध्याकाळी सुरू झाला की आम्ही स्विचला हात लावत नाय. मनुकांच्या शरबताचा प्याला घेऊन मी किद्दूश, शब्बाथची प्रार्थना, म्हटला, न् कोपऱ्यातून आमेन आलं. एस्तेरचे दोन्ही हात मांडीवर होते. आमेन तिने कधी टाइप केलंच नव्हतं, शब्बाथला हात लावायचा नाय ना. मी तिच्याकडं बघितलं. तिने नुसती मान हलवली, जशी काय तीच म्हणाली.

तेव्हापासून असंच चाललंय. अहो, गोळी घेतली का. अहो, स्वेटर घाला. सगळं तिचंच बोलणं, पण ती आता टाइप करत नाय, नुसती बसून ऐकते. मला भीती वाटते, खरं सांगतो, मी उत्तर देतो ते कोणाला.

परवा विचारलं, एस्तेर, हा प्रोसेसर काढू का, जुना परत बसवू का, उशीर लागेल पण तूच बोलशील. तिने हात कीबोर्डकडं नेला. बोट टेकलं नव्हतं न् मशीन बोलली, नको. हात तसाच वर राहिला, मंग तिने तो खाली घेतला. तिला काय म्हणायचं होतं, ते मला अजून ठाऊक नाय. काढला नाय मी. देव तिला बरी ठेवो, दुसरं काय मागू.